ठाऊक नाही म्हणणारी बाई

मंडळी, एक विचारू? खरं बोलणं पुण्याचं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण माहीत नसताना सरळ ‘मला ठाऊक नाही’ म्हणणं — हे कुठल्या पुण्यात बसतं? ऐका तर!

जिल्ह्याच्या रेडिओ केंद्रावर मंदाकिनीताई उपासनी निवेदिका. दुपारचा शेतीचा कार्यक्रम त्यांचा. सावरपाड्यात तो रोज पारावरच्या भोंग्यावर लागे.

एके दिवशी त्या गावात बहुरूपी आला. तुळशीराम नाव. पोलिसाचं सोंग! सरपंचाला खोटं वॉरंट दाखवायचं, गाव हसवायचं, पसाभर दाणे न्यायचे — बापजाद्यांची रीत. पण आदल्या रात्री फोनाफोनी झालेली : पोलिसाच्या वेषात पोरं पळवणारे फिरतात, पिंपळदऱ्याची दोन नेली, रेडिओवर सांगितलं! झालं. तुळशीरामाला शाळेच्या खोलीत कोंडला. बाहेर शंभर काठ्या. बिचारा आतून ओरडतोय, मी खोटा पोलीस आहे! आता मंडळी, हे वाक्य त्या दिवशी कोणाला सोडवणार?

म्हाताऱ्या धोंडूअण्णांनी केंद्रावर फोन लावला. ताई, हे तुम्ही सांगितलंत का?

“मी नाही सांगितलं,” ताई म्हणाल्या. “पण पोरं गेली की नाही, ते मला ठाऊक नाही. दहा मिनिटं थोपवा त्यांना.”

ताईंना ‘अफवा आहे हो’ म्हणायला काय लागतं? पण विचारल्याशिवाय बोलायचं नाही, हे त्यांचं व्रत. पोलीस ठाण्याला फोन केला, गाडी निघाली. पिंपळदऱ्याच्या गुरुजींना, ज्या पोरांची नावं फिरत होती त्यांच्या घरी धाडलं. आणि मग कांद्यावरच्या करप्याची माहिती मध्येच थांबली.

“सावरपाडेकर, पिंपळदऱ्याच्या त्या पोरांची आई फोनवर आहे. तिचं ऐका.”

भोंग्यातून बाई बोलली, “माझी दोन्ही लेकरं हितं भाकर खात्यात. कुनी न्हाई नेली.”

पुन्हा ताई. “कोंडलेला माणूस कोण, मला ठाऊक नाही. पोलीस येतायत. तोवर त्याला हात लावू नका.”

एक गडी फणकारला, रेडिओवाल्यांचं काय खरं! धोंडूअण्णा त्याच्यापुढे उभे राहिले.

“गेल्या साली जत्रेची तारीख सांगताना चुकली, तर या बाईनं तीन दिवस माफी मागितली. तुझ्या फोननं मागितली का रे एकदा तरी?”

गड्यानं मान खाली घातली. काठ्याही खाली आल्या. पोलिसांनी दार उघडलं, तुळशीरामाला ओळखलं. तो पारापाशी गेला, टोपी नीट केली, आणि भोंग्याला सलाम ठोकला. जन्मभर सोंगाचे सलाम केले त्यानं — हा तेवढा मनापासूनचा!

मंडळी, देवाचे उपकार, की असे विचारून बोलणारे आवाज त्यानं आपल्या कानांना दिलेत. मी तर रोज हात जोडतो. आणि तुम्ही? काल रात्री तुम्ही जे फोनवरून चार घरांत पाठवलंत, ते कुणाला विचारलं होतंत? नाही ना? मग आता घरी जाऊन त्या चारही घरांना सांगा — मला ठाऊक नव्हतं. तेवढं सांगा, आणि मग खुशाल पांडुरंगाचं नाव घ्या. गोड लागेल!