विकलेल्या घराची आतली कडी

हॅलो? हॅलो… मधुकरकाका का? मी मयुरी बोलून राह्यली, बोरगाव मेघेवरून. तुमचं घर आम्ही घेतलं ना, त्यांची मुलगी… हो, दहावीतली. हो, हो, अभ्यास चालू आहे. काका, ऐका ना… बाथरूमची आतली कडी अडकली. दारच उघडत नाई.

हो, आतमध्ये माणूस आहे. म्हणून तर फोन केला…

नाई, भांडून नाई राह्यली. विचारून राह्यली फक्त, की ती कडी पहिलेपासूनच…

हो, रजिस्ट्री झाली, माहीत आहे मले. चाव्या घेतल्या, पेढे खाल्ले… बरं. तेव्हा सगळं चांगलं होतं तर मग गिझर काऊन नाई तापत? … आमच्या पाण्याचा दोष? पाणी तेच आहे काका. नळही तोच आहे.

आम्ही पाहून घ्यायचं होतं? कसं पाहणार? आम्ही आलो तर काकूंनी पोहे केले, चहा केला, वरून आणखी एकदा चहा. बाबा म्हणे, ज्यांच्या घरी पोहे खाल्ले त्यांच्या बाथरूममध्ये जाऊन कड्या हलवून पाहायच्या का. लाज वाटली त्यायले… नाई, पोहे चांगले होते. पोह्यांची तक्रार नाई.

एक मिनिट हं… आई, थांब ना, बोलून राह्यली ना मी… हं, काका. आज हळदीकुंकू आहे घरी. अख्खी गल्ली समोरच्या खोलीत बसली आहे… हो, वाणात चाळण्या दिल्या. काका, कडीचं बोला ना.

सुतार? नत्थूजी हिंगणीले गेले, उद्या येतील… तोडू दार? तोडतो. पण नवीन दार कोण… आम्हीच? बरं. म्हणजे कडी खराब आहे हे तुम्हाले माहीतच नव्हतं… पक्कं? … इतकी वर्षं राहिले, एकदाही अडकली नाई. बरं. तसंच सांगते आत.

कोणाले म्हणजे? जी अडकली तिले… आई नाई, आई माझ्या बाजूलेच उभी आहे… आजी पण नाई. काका, कधीची सांगून राह्यली, तुम्ही बोलूच देत नाई. काकू अडकल्या.

कौशल्याकाकू. तुमच्याच… हो, आम्हीच बोलावलं होतं. सेलूच्या एस.टी.नं नाई का आल्या दुपारी.

हो काका, त्याच.

बऱ्या आहेत. झरोक्यातून तिळगूळ दिला, पाणी दिलं… हं? बादली? दाराले कशाची बादली? … थांबा, विचारते. काकू, काका म्हणून राह्यले, बादली काऊन नाई लावली?

… काका, त्या म्हणतात, आपलं घर होतं तेव्हा कडीले कोण हात लावत होतं, दाराले भरलेली बादली लावायची की झालं. पण आता घर दुसऱ्याचं. पाहुणी म्हणून आलेल्या बाईनं दाराले बादली लावून बसणं बरं दिसते का. म्हणून कडी लावली.

हो, मोठ्यानंच म्हणाल्या. समोरच्या खोलीत ऐकू गेलं… नाई, हसून कोणी नाई राह्यलं. शांत बसल्या आहेत सगळ्या, आतलं ऐकायला.

मी कुठं काय म्हटलं? काकूच म्हणून राह्यल्या. कडी तीन दिवाळ्यांपासून अशीच आहे म्हणतात… आता गिझरवर आल्या. गिझरचं तुम्हाले चांगलं माहीत होतं म्हणतात… पंपाचं पण सांगू का, विचारून राह्यल्या.

थांबवू? कशी थांबवू काका, दार बंद आहे.

हं… हं… नवीन कडी तुम्ही आणता? आणि गिझर? … मेकॅनिक घेऊनच येता. बरं. दाराले हात नाई लावत मग आम्ही. काकू, काका स्कूटरनं निघून राह्यले, कडी घेऊन… काका, त्या म्हणतात, कडीचे स्क्रू खोलाले पेचकस विसरू नका. तुमच्या ध्यानात राहत नाई म्हणतात.

अजून एक सांगायचं होतं, काका. आल्यावर पहिले… हॅलो? हॅलो?

ठेवला. आई, काकांसाठी पोहे भिजवू नको अजून. पहिले कडी बसू दे.