खांदशेकणीच्या दिवशी चांद्या बंद पडल्याबाबत

जबाब देणार: गुणवंतराव सोमाजी गुरनुले, वय ६३ वर्षे, धंदा धानाची शेती, राहणार मौजा सावरटोला, तालुका सिंदेवाही, जिल्हा चंद्रपूर.

मी वरील इसम आज पोळ्याच्या दिवशी सकाळी आपण होऊन ठाण्यात आलो असून हवालदार रंजीता मडावी यांनी विचारल्यावरून समक्ष सांगतो की, मी वरील पत्त्यावर पत्नी कमळा हिच्यासह राहतो. मुलगी दिव्यानी ही नागपुरास नोकरी करते. माझ्याविरुद्ध यापूर्वी कोणतीही तक्रार नाही. एकदा शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, निकालावरून पंचाची व माझी बोलाचाली झाली होती, पण चूक पंचाची होती. ते इथे लिहू नका असे मी म्हटले, तरी मॅडमनी लिहिले.

मी तरुणपणापासून पटाचा शौकीन. चांद्या व पाखऱ्या या माझ्या जोडीने आजूबाजूच्या गावांचे बहुतेक पट मारले आहेत. पुढे पटावर बंदी आली व जोडी विकावी लागली. बंदी उठली तोवर माझे गुडघे बसले होते. जोडी गेल्यापासून दर पोळ्याला गाव आपापले बैल घेऊन तोरणाखाली उभे राहते आणि मी शाळेच्या भिंतीला टेकून उभा राहतो. दावणीला बैल नसलेल्या माणसाने पोळ्याला हातांचे काय करायचे असते, ते मला आजवर समजलेले नाही. हे वाक्य जबाबाशी संबंधित आहे का असे मॅडमनी विचारले. आहे.

मुलगी दिव्यानी हिने मोहर्लीला सफारीच्या गेटजवळ गेम पार्लर टाकले होते. त्यात दोन मोठे कॉम्प्युटर होते, व त्यांत गेम खेळायची ताकदवान ग्राफिक कार्डे. पण पर्यटक वाघ पाहायला येत. वाघ दिसला की त्याच्याच गप्पा मारत, नाही दिसला तर तोंड पाडून झोपी जात. गेमला कोणी शिवेना. पार्लर बंद झाले व दोन्ही डबे माझ्या ओसरीवर आले. ते पडून राहण्यापेक्षा त्यांना पुण्यकर्माला जुंपू, असे मुलगी म्हणाली.

काम असे की, शरीरातली प्रथिने स्वतःची घडी कशी घालतात याचा हिशेब शास्त्रज्ञ औषधे शोधण्यासाठी करतात. हिशेब इतका मोठा की एका कॉम्प्युटरच्याने तो जन्मात होणार नाही. म्हणून त्याचे तुकडे करून इंटरनेटवरून जगभरच्या हौशी लोकांच्या घरी पाठवतात. गेमचे कार्ड या कामात तरबेज असते. आपल्या डब्याने तुकडा सोडवून परत पाठवला की आपल्या टीमला गुण मिळतात व जगात नंबर लागतो. यात तुम्हाला काय मिळते, असे मॅडमनी विचारले. नंबर लागतो, असे मी सांगितले. त्यांनी पुन्हा विचारले. मी पुन्हा तेच सांगितले.

दोन डब्यांपैकी एक अंगात आल्यासारखा धावे व दुसरा दमाने ओढे. त्यावरून पहिल्याचे नाव चांद्या व दुसऱ्याचे पाखऱ्या ठेवले. उन्हाळ्यात खिडकीला ओले पोते बांधले, कूलर त्यांच्याकडे वळवला. कूलर माणसांसाठी घेतला होता, असे पत्नीचे म्हणणे आहे. टीमचे नाव मुलीने झाडी असे ठेवले. हळूहळू पानठेल्यावर लोक नंबर विचारू लागले, व गावचे पाटील सर्वांसमक्ष म्हणाले, "गुणवंता, जगात पैल्या हजारात आला ना, तं यंदा तुह्यी जोडी तोरणाखाली उभी कर. गावाचं काई म्हणणं नाई." मागच्या आठवड्यात आम्ही हजाराच्या आत आलो, असे मुलीने फोनवर कळवले. मागे फिनलंड देशाची एक टीम अगदी खेटून आहे. फिनलंडच्या इसमांवर माझा संशय नाही.

माझा संशय मुखरू तुकाराम शेंडे, राहणार बोरटोला, याच्यावर आहे. सदर मुखरू हा माझा सख्खा साळा असून पटातला जुना प्रतिस्पर्धी आहे. त्याने एका पटात माझ्या चांद्याला, म्हणजे खऱ्या बैलाला, खिळा लावलेली काठी टोचली होती असा माझा दावा आहे. तो नाही म्हणतो. माझे डबे पाहून त्यालाही चेव आला. त्याच्या मुलाचा लग्नाच्या व्हिडिओचा धंदा आहे, त्यामुळे घरी तसेच कार्ड असलेला कॉम्प्युटर होताच. तोही त्याने याच कामाला लावला व आपण माझ्या पुढे आहोत असे तो गावोगाव सांगत फिरे. किती पुढे ते कधी सांगितले नाही, मीही माझा आकडा त्याला सांगितला नाही. पटाचा माणूस आपल्या जोडीचा आकडा समोरच्याला सांगत नसतो.

काल खांदशेकणीचा दिवस होता. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद व कोमट लोण्याने चोळून त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण द्यायची आमच्याकडे रीत आहे. दुपारी पत्नीने लोणी कोमट करून दिले. मी चांद्यापासून सुरुवात केली. पळसाच्या पानाने त्याच्या खांद्यांना लोणी लावत असता मुखरू बहिणीला भेटण्याच्या निमित्ताने अंगणात आला. मला पाहून तो पोट धरून हसला व म्हणाला, "भाऊजी, ह्याले उद्या कायले नेता? परवा तान्ह्या पोळ्यात न्या, लेकरायच्या लाकडी बैलायसंग." मग त्याने तिथेच उभ्याउभ्या झडती, म्हणजे पोळ्याचे चिडवायचे गाणे, म्हटली, ती अशी:

"पोळा रे पोळा, भाऊजीच्या डोक्यात गोळा,
बैल खाते चारा, ह्याचा बैल खाते मीटर सारा,
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!"

पत्नी कमळा दारात उभी राहून हसली. नंतर तिने आरोपीस चहा दिला.

चहा पिता पिता मुखरू जवळ आला, चांद्याच्या पाठीवर हात ठेवला व म्हणाला, "भाऊजी, थे भोकातून आत जाऊन राह्यलं ना." मी म्हणालो, "खांद्यालेच भोकं आहेत, तं मी काय करू? तू आपलं पाह्य." तो चहा संपवून निघून गेला. त्यानंतर थोड्याच वेळात चांद्या बारीक आवाजात ओरडला, तूप कढवल्यासारखा वास आला व तो बंद पडला. सदर वास विषाचा असावा असा माझा समज झाला. पाखऱ्याला अजून हात लावला नव्हता, तो चालू राहिला. चांद्याला हात लावणारा बाहेरचा माणूस एकटा मुखरू, म्हणून त्यानेच काहीतरी टोचले, अशी माझी खात्री पटली. मला रात्रभर झोप लागली नाही. हजाराच्या आत येऊन तोरणाच्या आदल्या दिवशी असे व्हावे, याचा मला फार राग आला, व रागापेक्षा वाईट जास्त वाटले.

आज सकाळी मी ट्रॅक्टर घेऊन बोरटोल्यास गेलो. मुखरू अंगणात होता. मी त्याला ठाण्यात चल म्हटले. त्याने घराचे मेन स्विच बंद केले, कुलूप लावले व स्वतःहून ट्रॉलीत बसला. कॉलर मी फक्त वाटेत धरली. वाटेत घरून चांद्याला झूल घालून पुरावा म्हणून सोबत घेतले. पत्नी आडवी आली व म्हणाली, "माह्या भावाले सणाच्या दिवशी पोलिसात काऊन नेऊन राह्यले? डोस्कं फिरलं का तुमचं?" मी ट्रॅक्टर सुरू केला.

इथपर्यंत लिहून झाल्यावर मॅडमनी लेखणी खाली ठेवली व विचारले, "काका, डब्याले लोणी लावलं तुमी?" मी म्हणालो, हो, रीतीप्रमाणे. "किती?" मी म्हणालो, वाटीभर. मॅडम काही वेळ बाहेर जाऊन आल्या. त्यांचे डोळे पुसलेले दिसले. बाकावर बसलेला मुखरू म्हणाला, "म्या सांगतलं होतं मॅडम. माह्यं ऐकते कोण?" त्याला मॅडमनी गप्प बसवले, ते योग्यच झाले.

इतक्यात मुलगी दिव्यानी नागपूरच्या बसने ठाण्यासमोरच उतरली. आईने तिला फोन केला होता. तिने ठाण्याच्या ड्रायव्हरकडून पेचकस मागून सर्वांसमक्ष चांद्या उघडला. आत पंख्याच्या पात्यांना हळद होती व कार्डावर लोणी थिजलेले होते. टोचल्याची खूण कुठेही आढळली नाही. मुलगी म्हणाली, "बाबा, हे काय करून ठेवलं?" मी म्हणालो, "आवतण देल्लं." तिने झूल परत नीट घातली. डबा मेलेला नाही, पण दुरुस्तीला नागपूरला न्यावा लागेल व आज ते होणार नाही, असे तिचे म्हणणे पडले. त्यावरून विषप्रयोगाची माझी तक्रार मी मागे घेत आहे. जुन्या खिळ्याची तक्रार कायम आहे.

यानंतर मी मुलीला नंबर पाहायला सांगितले. तिने मोबाईलवर टीमचे पान उघडले. नंबर एक हजार तीन होता व फिनलंड पुढे निघून गेले होते. एक चांद्या बंद पडल्याने एवढे कसे घसरलो, असे मी विचारले. त्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, मामाचाही सकाळपासून बंद आहे ना." मामाचा बंद असण्याशी आपला काय संबंध, असे मी विचारले. तिने पान माझ्यासमोर धरले. झाडी या टीममध्ये दोन नावे होती. वरचे गुणवंत, खालचे मुखरू.

मुलीने दिलेला खुलासा असा की, मामाने फोन करून डबा लावून मागितला तेव्हा तिने त्याला आमच्याच टीममध्ये घातले. "येगळे ठेवले असते तं दोघंही हजाराच्या आत आले नसते. अन् सांगतलं असतं तं दोघांनीही डबे बंद केले असते." हे ऐकून मुखरू बाकावरून उठला व म्हणाला, "म्हणजे मी भाऊजीची गाडी ओढून राह्यलो होतो?" मी म्हणालो, "अन् मी काय तुह्यी ओढत नव्हतो?" दोन वर्षे आम्ही एकमेकांना हरवण्यासाठी एकाच जुवाखाली पळत होतो, ही बाब मॅडमनी आम्हा दोघांना सावकाश समजावून सांगितली. मुखरूला ती दोनदा सांगावी लागली.

आमच्या गावात संध्याकाळी पाचला तोरण तुटून पोळा फुटतो. पाखऱ्या एकटा आहे. एकट्या बैलाला कोणी तोरणाखाली नेत नाही, जोडी लागते. त्यामुळे माझी विनंती आहे की, मुखरूला आत्ताच्या आत्ता सोडावे. त्याला येथे बसवून ठेवल्याने टीमचे नुकसान होत आहे. तो घरी जाऊन मेन स्विच चालू करील. मुलीच्या अंदाजाने दोन्ही डबे दुपारभर पळाले तर फिनलंड पुन्हा मागे पडते. चार वाजता मुखरू आपला डबा मुलाच्या व्हिडिओच्या गाडीतून, त्यातल्याच इन्व्हर्टरवर, चालू ठेवून पाखऱ्याच्या जोडीला सावरटोल्यास आणील.

मुखरूने अट घातली की, त्याचा डबा उजवीकडे उभा राहील. उजवी बाजू चांद्याची आहे. मी एकदा चांद्याकडे पाहिले. मग हो म्हणालो. माझी अट एकच, दोन्हींचा कासरा माझ्या हातात राहील. मुखरूने माझ्याकडे पाहिले व म्हणाला, "धरा भाऊजी. दाहा वर्षं झाली तुमाले भितीले टेकून पाहून राह्यलो, मले काय बरं वाटत होतं का?" त्यानंतर त्याने मॅडमकडे पाणी मागितले. मलाही पाहिजे होते.

हा जबाब मॅडमनी मला मोठ्याने वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणे खरा व बरोबर आहे. माझ्या सांगण्यावरून यात जिथे जिथे आरोपी असे लिहिले होते, ते खोडून साळा असे लिहिले आहे. चहाच्या ठिकाणी खोडायचे राहिले आहे, तेही खोडावे. लवकर सही घ्यावी, ट्रॅक्टर चालू ठेवला आहे.

(सही) गुणवंतराव सोमाजी गुरनुले