संस्कृतीची शिष्यवृत्ती मी पगारात धरली

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष माननीय उद्धवराव, व्यासपीठावर बसलेले गोरक्षकाका, कुशाबाई आजी, सत्कारमूर्ती संस्कृती आणि निघोज्याच्या या समाजमंदिरात जमलेल्या सर्व बंधुभगिनींनो, आपणा सर्वांना नमस्कार.

मला बोलायची सवय नाही, म्हणून लिहून आणलं आहे. संस्कृती उद्या लष्करी अधिकाऱ्याच्या प्रशिक्षणाचं दुसरं वर्ष सुरू करायला अकादमीत परत चालली आहे. तिचं कौतुक करायला इथे पुष्कळ जण आहेत. मला दुसरंच सांगायचं आहे.

चौकातल्या दुकानात मी तुमचे आयकराचे रिटर्न भरतो. बारावीत शिक्षण सुटलं, काम बघून बघून शिकलो. आपल्याकडे पोरगं कंपनीत ट्रेनी लागलं की त्याला स्टायपेंड मिळतो. तो मी पगारात धरतो, कारण पोरगं तिथे शिफ्ट करतं. जुलैत संस्कृतीचे वडील, आपले गोरक्षकाका, तिचे कागद घेऊन आले. जमिनीच्या मोबदल्याची तिच्या नावावरची ठेव, तिचं व्याज, आणि अकादमीत शिकताना मिळणारी ही शिष्यवृत्ती. मी एक प्रश्नसुद्धा विचारला नाही. ट्रेनी म्हणजे ट्रेनी! व्याज आणि शिष्यवृत्ती एकत्र धरली आणि कर निघाला.

काका म्हणाले, "म्हंजी पोरीनं कर बुडवला व्हय रं?"

मी म्हणालो, "भरा लगेच, नाहीतर नोटीस येईल." केवढ्या ऐटीत म्हणालो!

काकांनी कर भरला. वर, वर्दी चढवणाऱ्या पोरीला असला डाग नको म्हणून पुढची शिष्यवृत्ती नाकारायची शपथ तिला घातली. मागे हसू नका राव, यात हसण्यासारखं काही नाही.

परवा संस्कृती दुकानात आली. "सुजितदादा, मी तिथं नोकरी करते का शिकते?"

 मग पिंपळे सौदागरच्या सीएंकडे गेलो. ते म्हणाले, शिक्षणाचा खर्च भागवायला दिलेली शिष्यवृत्ती उत्पन्नात धरत नाहीत. कमिशन मिळाल्यावर, म्हणजे ती अधिकारी झाल्यावर, पगार सुरू होईल, त्यावर कर. काकांना हे सांगितलं, तर म्हणाले, "तवा म्हणलास हाय, आता म्हणतूस न्हाई. कुठलं खरं धरू?"

बरोबरच आहे त्यांचं. म्हणून चारचौघांत सांगतो: चूक माझी. पोरीनं काही बुडवलेलं नाही. डिसेंबरपर्यंत रिटर्न दुरुस्त करता येतो. काका, ती उद्या निघायच्या आत तिला शपथेतून मोकळं करा.

काय म्हणालात, काका? माइकवर सांगू?

काका म्हणतात, "घे पोरी तुजी शिष्यवृत्ती. पन दुरुस्ती ह्याच्याकडनं नगं."

मान्य आहे, काका. ती सीएच करतील.

मला बोलू दिलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर माफ करा. आणि ज्यांची मुलं शिष्यवृत्तीवर शिकतात, त्यांनी उद्या दुकानातून आपले कागद घेऊन जावेत आणि दुसऱ्या कुणाकडून तरी तपासून घ्यावेत.