महानंदाची पाटी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे सर्वेसर्वा माननीय शरच्चंद्रजी निंबर्गीकर, मुख्याध्यापक हृषीकेश सर, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, जिच्यासाठी आपण सगळे भर एप्रिलच्या उन्हात इथं आलो ती सत्कारमूर्ती वैदेही, तिचे यजमान सतीशराव, जुन्या-नव्या शिक्षिका, पालकवर्ग, आणि जागा नाही म्हणून दारापाशी उभे राहिलेले शुक्रवार पेठेतले शेजारी, सर्वांना माझा नमस्कार.

नव्या बाई मला ओळखत नसतील, म्हणून सांगते. मी यशोदा. याच शाळेत पहिलीचा वर्ग माझ्याकडे होता. वैदेहीला या शाळेत मीच आणलं, म्हणजे शब्द टाकला. ती वयानं लहान, मला ताई म्हणायची, मी तिला अगंतुगं करते. आजही करणार आहे. व्यासपीठावर तसं करू नये म्हणतात, पण माझा आता इलाज नाही.

हृषीकेश सरांनी मला बजावलंय, "बाई, पाच मिनिटं, आणि वैदेहीबाईंना जरा उभारी येईल असं बोला." सर, उभारी देण्यात या शाळेचा हातखंडा आहे. मी स्वतः अनुभवलाय. त्याबद्दलच बोलते. पाच मिनिटांचं मात्र वचन देत नाही.

आपल्या शाळेत जूनच्या पहिल्या दिवशी पाटीपूजन असतं. पाटीवर सरस्वती काढायची, हळदकुंकू वाहायचं, आणि पहिलीच्या बाईंनी एकेका मुलाच्या मागं बसून त्याचा हात हातात घेऊन 'श्री' गिरवून घ्यायचा. किती पोरांचे हात माझ्या हातातून गेले असतील? कुणाचा गुळानं चिकट, कुणाचा भीतीनं गार. मला देवळात जाऊन जे कधी मिळालं नाही ते त्या सतरंजीवर मिळायचं. देवाधर्माचं मला फारसं नव्हतंच, खरं सांगायचं तर.

करोनाच्या आदल्या वर्षी मला कॅन्सर झाला. स्तनाचा. हा शब्द सभेत कुणी उच्चारत नाही, सगळे 'ते' म्हणतात. ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली, आणि उजवा हात सुजून असा काही जड झाला की पेन्सिल धरवेना. मी भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. डॉक्टरांनी आमच्या ह्यांना बाहेर बोलावून काहीतरी सांगितलं, आणि ह्यांचा चेहरा पाहून मला आत कळलं. हे बसलेत बघा, दुसऱ्या रांगेत, पंख्याखाली. आता खाली बघतायत.

त्या दिवसांत वैदेही दर शनिवारी यायची. हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं करून आणायची, कारण दुसरं काही पोटात ठरत नव्हतं. माझा वर्ग तेव्हा ती सांभाळायची, त्यामुळं येताना वर्गातल्या गोष्टी आणायची. एकदा म्हणाली, "ताई, पहिलीत एक नवी मुलगी आलीये. महानंदा. अक्कलकोटच्या पलीकडची, घरात सगळं कन्नड. अन् डावखुरी. उजव्या हातात पेन्सिल दिली की रडते. माझ्याच्यानं काय होत न्हाई बघा. जूनमध्ये तिला परत पहिलीतच बसवून तुमच्या हवाली करणार."

झालं. मी भिंतीकडचं तोंड फिरवलं.

डावखुरी पोर कशी शिकवायची? मला कुठं येत होतं? म्हणून मी पाटी मागवून घेतली आणि स्वतः डाव्या हातानं गिरवायला बसले. पहिल्यांदा तर मेलेल्या उंदरासारखं काहीतरी उमटायचं. नर्स हसायच्या. पुढच्या शनिवारी मी विचारायची, "महानंदा काय म्हणते?" वैदेही सांगायची, "तुमच्या खुर्चीपाशी जाऊन उभी राहते. बाई कधी येनार, एवढं एकच मराठी वाक्य शिकलीये." उजव्या हाताचे व्यायाम मी टाळत होते, दुखायचं फार. पण महानंदाला मांडीशी घ्यायचं तर दोन्ही हात लागणार, म्हणून तेही करू लागले. बायका आजारपणात सिद्धेश्वराला साकडं घालतात, दत्ताला घालतात. मी शेंबड्या पोरीला घातलं. माझी सगळी श्रद्धा त्या एका पोरीवर होती. यात अतिशयोक्ती नाही.

असंच एकदा वैदेहीनं एक चादर आणली. आपली सोलापुरी, मोरांची. म्हणाली, "वर्गातल्या मुलांनी पाठवलीये." आमचे हे तिथंच उभे होते, ते खिडकीबाहेर बघत राहिले. मे महिन्यात सोलापुरात चादर ओढून झोपणारी मी एकटीच असेन, पण केमोनंतर हुडहुडी भरायची आणि मी ती चादर तोंडावर घ्यायची. तिला मुलांचा वास येतो, असंही मला वाटायचं. दुकानातल्या खळीचा असणार, आता कळतं.

मी बरी झाले. डॉक्टरांनाही नवल वाटलं. जूनच्या पहिल्या दिवशी डोक्याला रुमाल बांधला, इरकल नेसले आणि कुणाला न सांगता शाळेत आले. म्हटलं, पोरीला चकित करू.

फाटकाशी शिवबाई भेटली, एका विद्यार्थिनीची आजी. मला बघून दोन पावलं मागं सरली. म्हणाली, "आगं बया, बाई, तुमी हायसा व्हय? तुमच्या फोटूला हार घातल्याला म्या ह्या डोळ्यांनी बघितला की."

तर मंडळी, एप्रिलमध्ये, मी दवाखान्यात असताना, याच सभागृहात माझा निरोप समारंभ झाला होता. आमच्या ह्यांनी येऊन सांगितलं होतं की ती आता परत यायची नाही, आणि संस्थेनं म्हटलं, मग रीतसर मान देऊ. सत्कार म्हटल्यावर हार आणलेला. पण गळा दवाखान्यात. म्हणून खुर्चीवर माझा फोटो ठेवला, आणि अध्यक्ष महाराजांनी हार त्या फोटोला घातला. शरच्चंद्रजी, तुम्ही संकोचू नका. हार हातात दिल्यावर माणूस समोर जे असेल त्याला घालतो. पण फोटोला हार कुणाच्या घालतात, हे एवढ्या शिकल्यासवरल्या सभागृहात एकाच्याही ध्यानात आलं नाही? की आलं होतं, आणि चालून गेलं? त्या दिवशी वैदेहीनं भाषण केलं. शिवबाईला त्यातलं एकच लक्षात होतं, सगळी वाक्यं 'होत्या'नं संपत होती. आणि सत्काराची चादर ह्यांच्या हातात दिली, ती ह्यांनी वैदेहीच्या हवाली केली. मोरांची.

मुलांनी पाठवलेली नव्हे. मी महिनाभर माझ्याच निरोपाची चादर पांघरून झोपत होते.

तशीच आत आले. सतरंजीवर माझ्या जागी वैदेही बसलेली, एका मुलाचा हात धरून 'श्री' गिरवून घेत होती. वर्ग तिला कायमचा दिला होता, एप्रिलमध्येच. तेही मी गिळलं असतं. मी एवढंच विचारलं, "महानंदा कुठाय?"

तिनं त्या मुलाचा हात सोडला. मला वाटलं पोरीचं काही बरंवाईट झालं. मी पुन्हा विचारलं. तेव्हा ती उठली आणि हळू आवाजात म्हणाली, "ताई, तशी कुणी नाहीये. कधीच नव्हती."

याला विश्वासघात म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? मला सांगा. फोटो, हार, वर्ग, सगळं एका बाजूला ठेवा. ज्या पोरीसाठी मी मरायची राहिले ती पोरच या माणसानं तोंडात येईल तशी रचली होती. सगळे म्हणाले, "तुमच्या भल्यासाठीच केलं की." भल्यासाठी. म्हणजे मी मरणार हे सगळ्यांनी आपापसात ठरवलं होतं, आणि तोवर मला खुळखुळा वाजवून दाखवत होते. तान्ह्या मुलाला दाखवतात तसा.

त्यानंतर मी या शाळेची पायरी चढले नाही. वैदेहीशी बोलले नाही. ह्यांच्याशी बोलणं भाग होतं, घर एकच आहे. ती चादर मी इस्त्रीखाली अंथरते. चांगली जाड आहे, उत्पादनाबद्दल तक्रार नाही.

पण एक पंचाईत झाली. महानंदा गेली तरी डावा हात मागं राहिला. अक्षर इतकं वळणदार झालं होतं की ते टाकवेना. ज्याच्यावर विसंबून जगलो ते नव्हतंच असं कळल्यावर माणसानं काय करायचं? परत भिंतीकडं तोंड करायचं? मी महिनाभर करून पाहिलं. मग कंटाळा आला. तपासणीला दवाखान्यात जायचे तेव्हा माझ्यासारख्या बायका दिसायच्या, सुजलेला हात मांडीवर ठेवून बसलेल्या. मी पाटी घेऊन त्यांच्यात बसू लागले. आता दर मंगळवारी बसते. सांगोल्याची भीमाबाई, शेरडं राखणारी, जन्मात पाटीला हात लावला नव्हता. डाव्या हातानं नाव लिहायला शिकली आणि मला म्हणते, "बाई, उजव्यानं कवा आलं न्हाय, डाव्यानं आलं की." मी त्या दिवशी घरी येऊन रडले. आजारपणात रडले नव्हते एवढी. काम मिळालं होतं मला, आणि ते कुणी रचलेलं नव्हतं.

आता आजच्या विषयाकडं वळते. हृषीकेश सर घड्याळ बघतायत, दिसलं मला.

जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या गर्दीतून येताना वैदेहीला झटका आला. उजवी बाजू गेली. पाय सावरला, हात नाही. आपल्या सर्वांना ठाऊक आहे, पण आज सकाळपासून प्रत्येक वक्ता 'प्रकृतीच्या कारणास्तव निरोप' म्हणून पुढं सरकला. आणि प्रत्येकानं सांगितलं, वैदेहीबाई लवकरच खडखडीत होऊन जूनच्या पाटीपूजनाला येतील. तिचा मुलगा अनीशही तेच म्हणाला, त्याला मी दोष देत नाही, लेकरू आहे.

मला इथं शाळेनं बोलावलं असं पत्रिकेत छापलंय. ते खरं नाही. मला वैदेहीनं फोन केला. इतक्या वर्षांनी. जीभ जड झालीये तिची, शब्द ओढून आणावा लागतो. म्हणाली, "ताई, सगळे मला जूनचं सांगतायत. तुम्ही खोटं बोलू नका. तेवढ्यासाठी या."

मी म्हटलं, येते, पण आधी माझ्या प्रश्नाचं उत्तर दे. ही महानंदा तू आणलीस कुठून?

मग म्हणाली, "ती मीच, ताई."

वैदेही हे तिचं सासरचं नाव. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहिलेलं. त्याआधी अक्कलकोटच्या पलीकडच्या गावात, कन्नड बोलणाऱ्या घरात, ती महानंदा होती. आणि डावखुरी होती. पाटीपूजनाला तिनं डावा हात पुढं केला, तर तिच्या बाईंनी तिच्याच केसातली रिबीन सोडली आणि तो हात पाठीमागं बांधला. वर्षभर रोज बांधला. मग ती उजव्या हातानं लिहू लागली आणि सगळे म्हणाले, पोर सुधारली. हे तिनं सतीशरावांनाही सांगितलं नव्हतं. मी विचारलं, सभेत सांगू का? म्हणाली, सांगा.

मंडळी, हे ऐकून माझा राग गेला का? नाही. तिला फोनवरही मी तेच सांगितलं. पोरगी खरी निघाली म्हणून हार खोटा होत नाही. 'होत्या' म्हणालीस, ते माझ्या कानात तसंच आहे, मी तिथं नव्हते तरी. ज्या दिवशी राग जाईल त्या दिवशी कळवीन.

पण तू खरं मागितलंस, तर ऐक. जूनचं पाटीपूजन तुझ्या हातून होणार नाही. वर्ग उत्कर्षाबाईंना दिलाय, त्या चौथ्या रांगेत बसल्यात, त्यांनाही अवघडल्यासारखं झालंय. मुलं तुझी वाट बघणार नाहीत. लहान आहेत, दिवाळीपर्यंत विसरतील. मलाही विसरली. तुझा उजवा हात येईल की नाही हे डॉक्टरांना माहीत नाही, मग मला कुठून असणार? पण डावा हात कुठं गेलेला नाही. तो तुझ्या पाठीमागं आहे, इतकी वर्षं. आणि डावखुऱ्या पोरीला कसं शिकवायचं हे या सोलापुरात मला येतं. तुझ्याचमुळं येतं, हे मला कबूल करावं लागतंय, आणि फार जड जातंय. मंगळवारी घ्यायला येते. माडगं तेवढं मला जमत नाही.

आयोजकांनी सत्काराची चादर पांघरवण्याचा मान मला दिला, त्याबद्दल आभार. ती मी आता तिच्या खांद्यावर घालणार आहे. खुर्चीवर नव्हे. हार कुणी घालणार असेल तर गळा इथं आहे, नीट बघून घाला. तुम्ही एवढा वेळ उकाड्यात माझं ऐकलंत, तुमचे उपकार. मानाच्या माणसांना काही लागेलसं बोलले असेन, तर आजारातून उठलेल्या बाईची जीभ आहे म्हणून सांभाळून घ्या. अध्यक्ष महाराज, दोन मिनिटं आणखी. मी पाटी आणलीये. हळदकुंकू पिशवीत आहे. सतीशराव, जरा ते टेबल पुढं ओढता का?

हं. महानंदा, डावा हात पुढं कर.