अंसाबाईनं न पोचवलेला निरोप

माउली, आज देवापुढं उभा राहून तुम्हालाच एक विचारतो. ऐकलेलं पोटात ठेवणं — हे पुण्य की पाप?

बोला की! का गप्प? ते खांबाला टेकलेले अण्णा म्हणतायत, पुण्य! बरोबर आहे, अण्णांच्या पोटात पुष्कळ काही ठेवलेलं आहे, इथनंच दिसतंय! हसा, हसून घ्या. पुढं हसायला मिळायचं नाही.

लहानपणापासून आपल्याला काय शिकवलं? इकडचं तिकडं करू नये. चहाडीनं घरं मोडतात! कबूल. पण मंडळी, गप्प बसल्यानं मोडलेलं घर कुणी पाहिलंय का? नाही? मग ऐका. मृदंगमहाराज, जरा हात थांबवा. ही गोष्ट ठेक्यावर सांगायची नाही.

एक होती कासारीण. नाव अनसूया, पण सगळ्या पंचक्रोशीत अंसाबाई. खांद्यावर बांगड्यांच्या माळा, काखेत गाठोडं, आणि ह्या गावाहून त्या गावाला चालत. ओसरीवर बसायची, समोरच्या बाईचा हात हातात घ्यायची आणि म्हणायची, "सोड गं सैल. हात सोड, बांगडी आपसूक चढती." आता बायांनो, तुम्हीच सांगा — कासारणीनं हात धरला की नुसता हात सैल सुटतो का? सगळंच सुटतं! सासूचं सुटतं, नवऱ्याचं सुटतं, जावेचं तर आधी सुटतं! मनगटावरचा काळानिळा वळ नवऱ्याच्या आईला दिसत नाही, पण कासारणीला दिसतो. तिला दिसायचं सगळं.

पण अंसाबाईचा एक रिवाज होता. तिच्या सासूनं पहिल्यांदा खांद्यावर माळा दिल्या, तेव्हाच बजावलं होतं — "पोरी, एका उंबऱ्यावरचं दुसऱ्या उंबऱ्यावर न्यायचं न्हाई. ज्या दिवशी नेशील, त्या दिवशी दारं बंद!" अंसाबाईनं ते जन्मभर पाळलं. गावोगावच्या बाया म्हणायच्या, बाई असावी तर अशी! आणि हे ऐकून अंसाबाईची मान जरा ताठ व्हायची. माणसाला चांगुलपणाचाही ताठा येतो बरं का. आणि तो लवकर ध्यानात येत नाही.

आता चिंचखेडची एक पोर, वैजयंता. घरात वैजू. तिच्या लग्नाचा हिरवा चुडा अंसाबाईनंच भरला. दिली कुठं? सोनारीला, बबनच्या घरी. सासू हौसाबाई. वर्षभरात मुलगी झाली, नाव ठेवलं कार्तिकी. बबन हात उचलायचा. सगळ्या आळीला माहीत! एक दिवस वैजूनं तो उचललेला हात वरच्या वर धरला. मारला नाही हो, नुसता धरला! पण तेवढ्यानं आभाळ कोसळलं त्या घरावर. हौसाबाई म्हणाली, "नवऱ्याचा हात धरतीस? चालती हो! आणि पोर इथंच ऱ्हाईल. पोर आमच्या रक्ताची हाय."

लेकरू अजून अंगावर पीत होतं, मंडळी. तिच्या छातीला पान्हा फुटत होता, आणि दार आतून लावलेलं!

बाप आला, लेकीला घेऊन गेला. तोही काय म्हणाला? "पोर त्यांची. ते देणार न्हाईत. नशीब म्हणायचं." गावातली शहाणी माणसंही तेच म्हणाली. कायदा काय म्हणतो, हे एकानंही विचारलं नाही. आपण ट्रॅक्टर घेताना दहा जणांना विचारतो, आणि लेकरू गेलं तर नशिबाला विचारतो!

मग बांगड्या घेऊन अंसाबाई आली चिंचखेडला. वैजूनं हात पुढं केला आणि हळूच विचारलं, "मावशी, सोनारीला जाता न्हवं?"

"जाते की."

"माझी कार्तिकी कशी हाय वो? बसती का आता? दात आलं का?"

मंडळी, आदल्याच दिवशी अंसाबाईनं त्या लेकराच्या हातात काळ्या मनगट्या घातल्या होत्या! दात आलेले तिनं पाहिले होते, बोटाला चावून घेतलं होतं! आणि ती काय म्हणाली? खाली मान घालून म्हणाली, "न्हाई बया. मी इकडचं तिकडं करत न्हाई."

वैजू हात तसाच पुढं धरून बसली. अंसाबाईनं बांगड्या भरल्या आणि पुढच्या घरी गेली.

आता गंमत बघा. गंमत म्हणायची, दुसरा शब्द नाही. तालुक्याच्या बाजाराच्या दिवशी अंसाबाई बसायची कुठं? कोर्टाच्या भिंतीला सावलीत! आणि त्याच भिंतीवर पाटी — मोफत विधी सेवा. आत बसायच्या तांबोळी वकीलबाई. अंसाबाईकडनंच बांगड्या घ्यायच्या. एकदा हातात हात असताना त्या म्हणाल्या, "मावशी, तुम्ही घराघरांत जाता. कुणी बाई अडचणीत दिसली तर पाठवा हो इथं. बाईला वकील सरकारकडनं मिळतो. गरीब असो, श्रीमंत असो. तिनं वकिलाला पै द्यायची नाही. नुसतं यायचं, आणि सांगायचं."

वैजूचं नाव अंसाबाईच्या ओठावर आलं. आलं, मंडळी! आणि तिनं ते गिळलं. म्हणाली, "बरं, बघते." दुसऱ्याच्या घरातलं वकिलाच्या कानावर घालायचं? छे! तिला वाटलं, आपण रिवाज राखला. विठ्ठल, विठ्ठल.

दिवस काय थांबतात? चिंचखेडला गेली की वैजू हात पुढं करायची. आधी विचारायची, मग विचारायचीही बंद झाली. नुसती अंसाबाईच्या तोंडाकडं बघायची. आणि अंसाबाई बांगड्यांकडं बघायची. तिकडं सोनारीला कार्तिकी उभी राहिली, चालली, पळायला लागली. पहिला शब्द बोलली — "आजी". अंसाबाईनं स्वतःच्या कानांनी ऐकला तो. ज्या कानांनी ऐकायचा होता, ते कान एका एसटीच्या अंतरावर होते.

एक दिवस हौसाबाईच्या ओसरीवर अंसाबाई बसली होती. शेजारची छोकरी आईच्या मांडीवर बसून बांगड्या भरून घेत होती. कार्तिकी आली, आपला इवला हात अंसाबाईच्या हातात दिला आणि म्हणाली, "हिला आई हाय. माझी आई मेली."

रडली नाही हो ती! बांगडीचा रंग सांगावा तसं सांगितलं.

अंसाबाईनं वर बघितलं. हौसाबाईनं तोंड फिरवलं. म्हणाली, "सारखी इचारती. कायतरी सांगाय लागतं पोराला." आणि मग जरा हसून म्हणाली, "तुझं बरं हाय अंसा. तू कुठं बोलत न्हाईस."

जन्मभर जी शाबासकी कमावली, ती आज अशी मिळाली! अंसाबाईच्या हातातली बांगडी तिथंच फुटली. तिला कळलं, आपण रिवाज राखत नव्हतो. आपण हौसाबाईचं दार राखत होतो.

माळा खांद्यावर टाकल्या आणि निघाली. घरी नाही, तडक चिंचखेडला! वैजू अंगणात धान्य पाखडत होती. अंसाबाई तिच्यासमोर मातीत बसली आणि तिनं सगळं सांगितलं. कार्तिकी डावरी हाय. हसली की एकाच गालाला खळी पडती. भात आवडतो, भाकरी टाकती. कुत्र्याला भीत न्हाई. वैजू ऐकत होती, सुपातलं धान्य सांडत होतं, तिला भान नव्हतं. आणि शेवटी अंसाबाईनं तेही सांगितलं, जे सांगायला जीभ रेटत नव्हती.

वैजूनं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "मावशी, माझं तेरावं घातलं का वो त्यांनी?"

 अंसाबाईनं वैजूचा हात धरला आणि म्हणाली, "ऊठ. तालुक्याला जायचंय."

बाप आडवा आला. "फुकटचा वकील काय दिवे लावणार?" अहो, पाणवठ्यावरचं पाणी फुकट म्हणून त्यानं तहान भागत नाही का? पण ह्या वेळी वैजू थांबली नाही.

तांबोळी वकीलबाईंनी पाणी दिलं, शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "बाळ अंगावर पीत होतं तेव्हाच का नाही आलात हो? पाच वर्षांच्या आतलं मूल बहुधा आईपाशीच देतात. तेव्हा आला असतात तर हे किती सोपं होतं! आता मूल तिथंच रुळलंय."

"म्हाईत न्हवतं बाई," वैजू म्हणाली.

दाराशी उभी असलेली अंसाबाई पुढं आली. पदर तोंडाला लावला होता, तो काढला. "हिला म्हाईत न्हवतं," ती म्हणाली. "मला म्हाईत होतं."

वैजूनं तिच्याकडं बघितलं. मंडळी, त्या बघण्यात शिवी नव्हती, शापही नव्हता. असता तर अंसाबाईला बरं वाटलं असतं.

अर्ज झाला, तारखा पडल्या. तिकडच्या वकिलानं उभं राहून सांगितलं, "साहेब, हे मूल ह्या बाईला ओळखतसुद्धा नाही!" आणि ते खरं होतं! ज्यांनी तोडलं, त्यांनीच तुटल्याचा दाखला दिला! पण अंसाबाईनं साक्ष दिली. वळ पाहिलेले सांगितले, अंगावरचं लेकरू काढून घेतलेलं सांगितलं, मेलेल्या आईचं सांगितलं. सोनारीची दारं तिला त्या दिवसापासून बंद झाली. माळा देताना अंसाबाईची सासू खोटं बोलली नव्हती.

हुकूम झाला — मूल आईला द्या.

कोर्टाच्याच एका खोलीत ताबा द्यायचा ठरला. हौसाबाईचा पदर मुठीत धरून कार्तिकी उभी. वैजू गुडघ्यांवर बसली. हात पुढं करायचे की नाही, तिला कळेना. म्हणाली, "कार्तिकी, मी तुझी आई."

पोरीनं तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. म्हणाली, "माझी आई मेली."

 हौसाबाईचीसुद्धा मान खाली गेली. आणि वैजू काय म्हणाली? ती म्हणाली, "व्हय बाळा. मेली होती. आज आली."

एसटीत पोर चिंचखेडपर्यंत रडत होती. "आजी, आजी" करत होती. वैजू तिला "रडू नको" म्हणाली नाही. तिला मांडीवर घट्ट धरून खिडकीबाहेर बघत राहिली. मागच्या बाकावर अंसाबाई बसली होती, आणि ते रडणं तिला एकटीलाच ऐकवलं जातंय असं तिला वाटत होतं. पुढं कितीतरी दिवस कार्तिकी आपल्या आईला "काकी" म्हणत होती.

मंडळी, कायद्यानं लेकरू दिलं. वकीलबाईंनी पै न घेता मिळवून दिलं. पण पहिला दात? पहिलं पाऊल? पहिला शब्द? ते कुठल्या कोर्टानं द्यायचं? ते बबननं एकट्यानं नाही खाल्लं, हौसाबाईनं एकटीनं नाही खाल्लं. ते एका भल्या बाईच्या गप्प बसण्यानंही खाल्लं. आणि तिला वाईट म्हणू नका. आपण सगळे तिच्यासारखेच भले आहोत, हीच तर भीती आहे!

आता खरं सांगा. मी हे सांगत असताना तुमच्या मनात एक नाव आलं. आलं ना? शेजारची असेल, भावकीतली असेल, ह्याच मंडपात तुमच्या पलीकडं बसलेली असेल. ते नाव गिळू नका, माउली! तिच्या घरी जा. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवेची खोली आहे, बाईला वकील मिळतो, पैसे लागत नाहीत — एवढंच सांगा. आणि म्हणा, चल, मी येते सोबत.

आरतीची वेळ झाली आहे. पण ज्यांना तिच्या घरी जायचंय त्यांनी आत्ता उठा. आम्ही टाळ धरून उभे राहू. तुम्ही जाऊन या, मग आरती करू.