सगळ्यात शेवटी झपाटा

नाही, पण मी म्हणतो, फटफटीवर बसून पाखरंच बघायची असतील तर फटफटी हवी कशाला? दारात खुर्ची टाका, पाखरं तिथंही येतात! पण नाही. आमच्या गटाला आता हळू जायचंय. ज्यांच्या गाडीचा आवाज ऐकून गल्लीतली कुत्री जिन्याखाली शिरायची, ते लोक आता रस्त्याच्या कडेला गाडी लावून गवताचा वास घेतात. गवताचा! म्हैस परवडली, ती वास घेऊन निदान खाते तरी!

आणि हे सगळं कुणामुळं, तर त्या दातांच्या डॉक्टरामुळं. तुम्हाला सांगतो, या माणसानं जन्मभर दुसऱ्यांना "तोंड उघडा" म्हणून सांगितलं, पण स्वतःचं काही कधी मिटलं नाही. पाठ याची दुखायला लागली, आणि हळू कुणी जायचं? आम्ही सगळ्यांनी! बरं, तसं सरळ सांग ना बाबा, की पाठ दुखते. ते नाही. मान कलती करून, भूल देतोय अशा आवाजात म्हणतो, "घाई कशाला? मजा घ्या, मजा!"

मजा घ्या म्हणे!

यात मेला कोण, तर आमचा झपाटा. धंद्यानं वेल्डर, ठिणग्यांत वाढलेला माणूस. गट काढला तोच. कायम पुढं तो आणि मागं आम्ही, त्याची धूळ खात. वळणावर गाडी अशी झोपवायचा की गुडघा रस्त्याला घासायचा. पँटी सगळ्या उजव्या गुडघ्यावर फाटलेल्या. शिंपी आमच्या गटातलाच, तो म्हणायचा, "झपाट्या, तुझ्या उजव्या गुडघ्यावर माझं घर चालतं. डावीकडंही वळत जा की जरा!"

मग एकदा झपाटा गाडीसकट खड्ड्यात गेला. गाडीला काही झालं नाही, याचं खांद्याचं हाड मोडलं. बायकोनं दवाखान्यातच गाडीची किल्ली काढून घेतली आणि आपल्या पर्समध्ये टाकली. पर्सची चेन ओढल्याचा आवाज मी ऐकलाय, तुम्हाला सांगतो, तुरुंगाचं दार बरं! म्हणाली, "गटाबरोबर जाणार असाल तर किल्ली मिळेल. एकटे जाणार असाल तर चालत जा."

म्हणजे गट आहे तर गाडी आहे. गट सुटला की झपाटा पायी!

डॉक्टरला हे बरोबर ठाऊक. त्यानं काय करावं? पुढची जागा स्वतः घेतली आणि झपाट्याच्या अंगावर भगभगीत नारिंगी जाकीट चढवलं. "तू आपली शेपूट. सगळ्यात शेवटी यायचं. एकदा जरी माझ्या पुढं गेलास तर गटातून बाहेर, आणि वहिनींना मी स्वतः येऊन सांगणार. रागावू नकोस हं. मजा घे!"

आता शेपूट म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर तुम्ही उगाच माना डोलवत बसाल. वळण आलं, की पुढारी वळतो आणि त्याच्या लगेच मागचा माणूस त्या वळणावर थांबतो. हात करून बाकीच्यांना रस्ता दाखवत उभा राहतो. कुठवर? नारिंगी जाकीट येईस्तोवर. शेपूट आली, की सगळे गेले असं समजायचं आणि आपण निघायचं. शेपूट दिसल्याशिवाय वळण सोडायचं नाही, मग आभाळ कोसळो. पुढाऱ्यानं मागं वळून बघायचं नाही. आणि फोन? फोन डॉक्टरच्या पिशवीत. सगळ्यांचे! का, तर फोन असला की मजा घेता येत नाही.

तर त्या रविवारी सकाळी निघालो तळ्यावर. पुढं डॉक्टर, मग मी, मग बँकेतला कॅशियर, शिंपी, ग्रंथालयातल्या बाई, आणि शेवटी झपाटा. काय तो वेग! माझी फटफटी माझ्याच वयाची, तीसुद्धा लाजली हो. पहिलं वळण आलं, नियमानं मी थांबलो. एकेक जण हसत हसत पुढं गेला. बाई तर मला हात हलवून गेल्या, जणू बोटीत बसून परदेशी चालल्या होत्या. राहिला झपाटा. तो लांबून येताना दिसत होता. इतक्यात त्याच्या मागून कोण यावं? सायकलवर टोपली लावलेला पाववाला! टिंग टिंग घंटी वाजवली आणि ओरडला, "ओ, बाजूला घ्या की!"

बाजूला घ्या! कुणाला? झपाट्याला!

आणि पाववाला त्याला मागं टाकून, शीळ घालत, माझ्यासमोरून निघून गेला.

तुम्हाला सांगतो, झपाट्याचं तोंड हेल्मेटात होतं, तरी मला ते दिसलं. माझ्या वळणाच्या अलीकडंच डावीकडं खाणीचा रस्ता फुटतो. खडी, खड्डे, पण तळ्यावर जायला जवळचा. झपाट्यानं गाडी अशी पिळली, अशी पिळली... नारिंगी ठिपका खाणीच्या धुळीत गडप!

मी पाहिलं. म्हटलं, आता मी वळण सोडायचं का? नियम काय? शेपूट आल्याशिवाय हलायचं नाही. आणि मी नियमाचा किती पक्का आहे हे तुम्हाला ठाऊक आहेच. हसू नका! दगडावर बसलो, पाय पसरले. पुढं काय होणार ते मला स्वच्छ दिसत होतं. पुढच्या वळणावर कॅशियर थांबणार, त्याच्या पुढच्यावर शिंपी, मग बाई. सगळे खांबासारखे उभे, जाकिटाची वाट बघत. आणि जाकीट कुठं? तळ्यावर!

तिथं काय झालं ते झपाट्यानं मला वेगळं सांगितलं आणि डॉक्टरनं वेगळं. दोघांतला खोटेपणा काढून तुम्हाला देतो. झपाटा तळ्याच्या कठड्यावर राजासारखा बसलेला. डॉक्टर डुलत डुलत आला, एकटाच.

"तू? इथं?"

"पहिला आलो," झपाटा म्हणाला.

"अरे, पण मग शेपूट कुठाय?"

झपाट्यानं आपल्या अंगावरच्या जाकिटाकडं पाहिलं. तेव्हा त्याच्या डोक्यात उजेड पडला. वेल्डर माणूस, उजेड उशिरा पडला पण झगझगीत पडला!

"सगळे वळणांवर उभे असतील," डॉक्टर म्हणाला. भूल देणारा आवाज कुठच्या कुठं गेला, नुसती दाढ उपटायची पक्कड! "जा, घेऊन ये एकेकाला. मग तू गटातून बाहेर. वहिनींना आजच सांगतो."

झपाटा निघाला. नियमानं शेपूट मागूनच यायला हवी, म्हणजे पुन्हा खाणीतून उलटं माझ्यापर्यंत. मला नंतर म्हणाला, "काका, मी आयुष्यात तशी चालवली नाही." खडीवरून गाडी चालत नव्हती, उडत होती. खड्डे मागं पडले आणि त्यांना कळलंसुद्धा नाही! पण बघायला कोण? खाणीतली दोन गाढवं. तीही तोंड फिरवून उभी.

माझ्यासमोर येऊन हात जोडले. "काका, कुणाला सांगू नका." म्हटलं, "वेडा का खुळा? मी कुणाला सांगतोय?"

...का हो? तुम्ही काय कुणी आहात?

आम्ही दोघं पुढच्या वळणावर गेलो. मला वाटलं, कॅशियर आता झपाट्याला फाडून खाणार. आयुष्यभर लोकांना रांगेत उभं केलेला माणूस, आज स्वतः उभा! तर तो गाडीच्या टाकीवर डोकं टेकून घोरतोय. उठवला तर म्हणतो, "आलास? इतक्यात?"

इतक्यात म्हणे! पुढं शिंपी. त्यानं बूट काढून पाय ओढ्यात सोडलेले. "झपाट्या, अजून थोडा वेळ लावायचास रे!" बाई तर झाडाखाली पुस्तकात बुडालेल्या. बोट वर केलं, "श्श! पान संपू द्या." आम्ही चौघं बाप्ये हेल्मेटं घालून, बाईंचं पान संपायची वाट बघत उभे! पान मोठं होतं.

तळ्यावर पोचलो तर झपाट्याचा चेहरा फाशीला चाललेल्याचा. पण डॉक्टरनं तोंड उघडायच्या आतच हे तिघं सुरू! "डॉक्टर, काय कल्पना काढलीत! गाडी नाही, आवाज नाही, नुसतं बसायचं! आजच्यासारखी सहल झाली नाही!"

डॉक्टरनं एकदा यांच्याकडं पाहिलं, एकदा झपाट्याकडं. मान आपोआप कलती झाली. "बरेच दिवस मनात होतं माझ्या," म्हणाला. "म्हटलं, एकदा करून बघावं. मजा घ्या, मजा!"

निर्लज्जपणालाही हद्द असते हो! पण झपाटा वाचला. वाचला असं आपलं मला वाटलं.

परत आलो, सगळे झपाट्याच्या दारात उतरलो. बायको दारात उभी, हात पुढं केलेला, किल्लीसाठी. डॉक्टर तिला म्हणाला, "वहिनी, अभिनंदन! तुमचे हे आता पूर्ण सुधारले. आज सगळ्यात शेवटी आले. इतके शेवटी, की लोकांच्या झोपा झाल्या!"

सगळे हसले. बायको हसली. आणि झपाट्यानं तोंड उघडलं. तुम्हाला सांगतो, त्याच्या घशापर्यंत आलं होतं, मी पाहिलं, की मी पहिला आलो! तळ्यावर मी पहिला आलो, आणि खाणीतून गेलो, आणि तसं आजवर कुणी गेलं नाही! ओठसुद्धा हलले. मग त्यानं बायकोच्या हाताकडं पाहिलं. आपल्या तळहातावरच्या किल्लीकडं पाहिलं. तोंड मिटलं. म्हणाला, "हो. शेवटी आलो."

वेल्डिंग करताना कधी डोळ्यांतून पाणी आलं नाही त्याच्या. पण ते जाऊ द्या.

बायकोनं किल्ली काही पर्समध्ये टाकली नाही. त्याच्याच खिशात ठेवली. "राहू द्या तुमच्याकडं," म्हणाली. "इतकं जपून चालवताय, तर पुढच्या रविवारी मीही येते मागं बसून."

कॅशियरनं टाळ्या वाजवल्या. डॉक्टर म्हणाला, "वा वा! मजा घ्या!" शिंपी तर सीटला जाड गादी शिवून द्यायला तयार झाला, आता गुडघ्यांवरचा धंदा बसला ना!

परवा गेलो होतो झपाट्याच्या दुकानात. गाडी आत घेतलेली, आणि हा पाना घेऊन आरसा वाकडा करत होता. रस्ता सोडून पार मागच्या सीटकडं वळवलेला. म्हटलं, "अरे, असा काय बसवतोस? मागून येणारं कसं दिसायचं?"

पाना खाली ठेवला. म्हणाला, "काका, मी शेपूट. माझ्या मागून आता कोण येणार? म्हटलं, निदान ही ओरडणार आहे ते तरी आधी दिसावं."