किल्लेदाराचे टाचलेले पान

आजच्या सभेचे अध्यक्ष माननीय तात्याराव, व्यासपीठावरील कार्यकारिणीचे सन्माननीय सदस्य, ज्यांना निरोप देण्यासाठी आपण दिल्लीत, मयूर विहारच्या या सभागृहात जमलो आहोत ते दीनानाथकाका, सौ. अरुणाकाकू आणि रसिक श्रोतेहो,

मला बोलण्याची सवय नाही. मंडळात माझे काम प्रॉम्प्टरचे. विंगेत उभे राहून इतरांना बोलते करायचे. आज पुढे आले, त्याला कारण आहे. काका सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन परवा साताऱ्याला निघत आहेत. बारा वर्षे त्यांनी आपल्या गणेशोत्सवाची नाटके लिहिली, बसवली. आणि गेल्या वर्षीच्या नाटकानंतर इतिवृत्ताच्या वहीत त्यांच्या नावावर एक ठपका लिहिला गेला. तो तसाच मागे ठेवून त्यांनी जाऊ नये, एवढ्यासाठी मी आज बोलणाऱ्यांत नाव दिले.

नाटक आपल्याला आठवत असेल. शत्रू येतो, किल्लेदार तीन महिने गड लढवतो, वेढा उठतो, लोक हार घेऊन येतात. मूळ संहितेत तो हार हातानेच अडवतो आणि म्हणतो, "पेठेतली माणसं चढत होती, तेव्हा दार मी वेळेआधी लावलं. भीतीनं. अकरा जण बाहेर राहिले." गडावर हे कोणालाही ठाऊक नसते.

हे पान गाळावे, असे कार्यकारिणीने ठरवले. त्या बैठकीत मीही होते. तात्याराव, आपलेच शब्द सांगते. चुकले तर थांबवावे. आपण म्हणालात, "अहो दीनानाथ, यंदा प्रायोजक सहकुटुंब येणार. घरोघरी केबल आलीय, पोरांपुढे आदर्श म्हणून उरलंय काय? आणि आपला किल्लेदार भित्रा?"

काका म्हणाले, "भित्रा नाही हो. एकदा घाबरला."

"तेच ते!"

काकांनी वाद घातला नाही. माझ्या प्रतीतले ते पान त्यांनी स्वतः दोन टाचण्यांनी टाचून बंद केले.

आता किल्लेदार झालेले आपले श्रीरंगदादा. गुडगावच्या नव्या कंपनीतून ते तालमीला येत ते तालीम संपताना. "सॉरी यार, मीटिंग लांबली. मृणाल, तू आहेस ना? मग बिल्कुल टेन्शन नाही." प्रयोगाच्या दिवशीही अंगरख्याआड कमरेला पेजर होताच. विंगेतून जे येईल ते दादा पूर्ण विश्वासाने बोलत, हे सगळ्या मंडळाला माहीत आहे.

शेवटच्या प्रवेशात हार पुढे आला. दादांनी माझ्याकडे पाहिले. मी टाचण्या काढल्या आणि ते पान वाचले.

होय, मी वाचले. काकांना त्याची कल्पना नव्हती.

का वाचले? तालमी पाहताना मला एक प्रश्न छळत होता. पानाविना किल्लेदार शूर होताच; मग तो मोठा का वाटत नव्हता? दोष असला म्हणजे माणूस थोर होतो, असे थोडेच आहे? दोष आपल्या सर्वांतच आहेत. मग पराक्रमाने दोष धुऊन निघतो का? किल्लेदार तसे म्हणत नाही. त्याला गप्प राहता आले असते, हार गळ्यात पडणारच होता. तरी तो बोलतो, क्षमा मागत नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी शेवटचा माणूस आत येईपर्यंत दारापाशी स्वतः उभा राहतो. त्याचा मोठेपणा मला तिथे दिसतो.

त्या दिवशी दादांनी ते जसेच्या तसे म्हटले. पुढच्या रांगेतून एका लहान मुलीचा आवाज आला, "मम्मा, तो डर गया था?" आई म्हणाली, "हो गं. पण सांगतोय ना सगळ्यांना. ऐक."

पुढच्या बैठकीत तात्यारावांनी विचारले, "पान गाळायचं ठरलं होतं ना? मग हे काय?" मी दाराशीच उभी होते. काकांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. म्हणाले, "जबाबदारी दिग्दर्शकाची." वहीत नोंद झाली, 'दिग्दर्शकाने ठराव डावलला.' यंदा नाटक त्यांच्याकडून काढून घेतले, ऑर्केस्ट्रा आला.

बाहेर पडताना काका मला एवढेच म्हणाले, "आवाज जरा मोठा हवा होता."

किल्लेदार तीन महिने गप्प होता. मी वर्षभर होते. साहित्याच्या परीक्षेत अशा नायकांवर पानेच्या पाने लिहिली, पहिलीही आले, पण बैठकीच्या त्या दारातून दोन पावले पुढे मला टाकता आली नाहीत.

म्हणून अध्यक्षमहाराजांना विनंती आहे की, ती वही आजच, काकांच्या देखत उघडावी. दिग्दर्शकाचे नाव खोडून तिथे माझे लिहावे. सही करायला मी तयार आहे. ठरावाचा भंग मंडळाला अक्षम्य वाटत असेल, तर प्रॉम्प्टर बदलावा.

आपण शांतपणे ऐकून घेतलेत, मी आभारी आहे. बोलण्यात काही अधिकउणे झाले असेल, वडीलधाऱ्यांचा मान राखण्यात कमी पडले असेन, तर पोटात घालावे. वर्षभराच्या मौनाबद्दल काका-काकूंची क्षमा मागते. ते पान वाचले, त्याबद्दल मात्र मागत नाही.